वधूची हरकत

देशात लग्नं किती झाली आणि मोडली किती, याची मोजदाद ज्या कचेरीत होते, तिच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीकडे पाठ करून एक गृहस्थ गेली बत्तीस वर्षं बसत आले आहेत. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणतात. साहेब ते कधीच नव्हते, पण टक्के त्यांच्या रक्तातच होते. तब्येत कशी आहे म्हणून कुणी विचारलं, की हा माणूस क्षणभर छताकडे बघून म्हणणार, "मागच्या महिन्यापेक्षा पाचेक टक्के बरी."

गावोगावच्या नोंदणी कार्यालयांतून त्यांच्याकडे अर्जांच्या प्रती यायच्या. लग्नाच्या पिवळ्या, घटस्फोटाच्या निळ्या. कचेरीत संगणक आले, पण संगणकाला माणसाची भाषा कळत नाही, म्हणून प्रत्येक उत्तराशेजारी समासात पेन्सिलीने एक आकडा घालायचा असतो. शेती म्हणजे एक, नोकरी म्हणजे दोन, असं करत करत शेवटी नऊ. नऊ म्हणजे 'काही नाही'. रकाना रिकामा दिसला की नऊ घालायचा, ही कचेरीची जुनी पद्धत. आणि 'वधूचा व्यवसाय' हा रकाना तर बहुतेक वेळा रिकामाच असायचा. टक्केसाहेबांचा हात त्या नऊला इतका बसला होता की चहाचा कप तोंडाला असतानाही तो सरळ, सुबक उमटायचा.

वर्षातून एकदा तक्ता छापून निघाला, की त्या दिवशी टक्केसाहेबांची छाती दोन इंचांनी फुगायची. वर्तमानपत्रातून फोन यायचा आणि ते घसा साफ करून सांगायचे, "लग्नं घटताहेत, वयं वाढताहेत, घटस्फोट चढताहेत." जणू काही हे सगळं त्यांच्या परवानगीने चाललं होतं.

घरी मात्र या बातमीला काडीची किंमत नव्हती.

"यंदा घटस्फोट चार टक्क्यांनी वाढले," बूट काढता काढता त्यांनी एकदा जाहीर केलं.

"ठाऊक आहे," बायको ओठांत टाचण्या धरून म्हणाली.

त्यांची बायको म्हणजे गल्लीची शिलाईकाकू. गळ्यात टेप, कानामागे खडू, पायाखाली मशीन. शाळेचे गणवेश, दुकानांचे पडदे, सुटलेल्या शिवणी, बिघडलेल्या चेनी, सगळं तिच्याकडे.

"ठाऊक कसं असेल? तक्ता आज छापून आलाय!"

"कोपऱ्यावरचा चष्मेवाला गेल्या वर्षी स्वतःची पँट स्वतः घेऊन आला होता, कंबर कमी करायला. इतकी वर्षं त्याची बायको आणायची. मी तेव्हाच म्हटलं, यांचं काही खरं नाही. मोडलं ना महिन्यापूर्वी?"

"अगं, एका पँटीवरून देशाचा अंदाज करतात होय? नमुना मोठा लागतो."

"चार पँटी आल्या यंदा. तुमचे टक्के किती म्हणालात?"

टक्केसाहेबांनी बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. एरवी बायकोचं कौतुक ते त्यांच्या परीने करायचे. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला त्यांनी तिला फूल दिलं नाही, आकडा दिला. "तीस वर्षं झालेल्या जोडप्यांत मोडण्याचं प्रमाण जवळजवळ शून्य असतं."

"जवळजवळ?"

"शून्य दशांश चार."

"मग त्या दशांश चारातल्या बायका कोण असतात हो?" ती दोरा ओवत म्हणाली. "एकदा भेटायला हवं त्यांना."

हा विनोद होता, असं टक्केसाहेब पुढे वर्षभर धरून चालले होते.

मग लेकीचा फोन आला. ती परदेशात, सातवा महिना लागलेला. "आई, बाबा, दोघंही या. नुसती आई नको, बाबापण हवेत. व्हिसाच्या अर्जाला तुमच्या लग्नाचा दाखला तेवढा जोडा."

"आणतो की," टक्केसाहेब ऐटीत म्हणाले. सबंध देशाचे दाखले ज्याच्या हाताखालून गेले, त्याला स्वतःचा आणायला कितीसा वेळ लागणार! दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतल्या टेबलाचा खालचा खण उघडला, एक तपकिरी फोल्डर काढलं, आणि त्यावर स्वतःच्याच हाताने लिहिलेली 'नंतर पाहणे' ही अक्षरं वाचून खण घाईने पुन्हा लावून घेतला.

झालं होतं असं. त्यांचं लग्न झालं तीस डिसेंबरला. तेव्हा ते कचेरीत नवे होते. लग्नाच्या दोनच दिवस आधी त्यांनी त्या वर्षाची बेरीज हाताने पुरी केली होती. उभी आणि आडवी, दोन्ही बेरजा पहिल्या फटक्यात जुळल्या होत्या आणि तेव्हाच्या वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. आता खिशातला स्वतःच्या लग्नाचा पिवळा अर्ज नोंदवायचा, म्हणजे एकूण लग्नांत एक वाढणार, एक वाढला की सगळे टक्के बदलणार, आणि पाठीवरची थाप परत घेतली जाणार. जानेवारीत देऊ, त्यांनी ठरवलं. जानेवारीत लक्षात आलं, तारीख गेल्या वर्षाची, ती या वर्षाच्या गठ्ठ्यात कशी बसायची? म्हणून फोल्डर. आणि फोल्डरला एकदा सवय लागली की ते काही आपणहून उघडत नाही. थोडक्यात, सगळ्या देशाची लग्नं मोजणारा हा माणूस स्वतःच्या तक्त्यात एकतीस वर्षं अविवाहित होता.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं. मशीनवरचा पाय थांबला.

"म्हणजे मी एकतीस वर्षं राहतेय कुणाकडे?"

"माझ्याकडेच गं. फक्त नोंद नाही."

"छान. लेकीकडे मी एकटी जाईन मग. आई असल्याचा पुरावा आहे माझ्याकडे. बायको असल्याचाच नाही."

शेजारच्या इमारतीत विवाह निबंधकबाई बसत. त्यांनी तो पिवळा कागद उलटसुलट करून पाहिला. "दहा वर्षांपर्यंतची नोंद उशिरा होते. त्यापुढे नाही. आता एकच उपाय. लग्न करा."

"कुणाशी?" टक्केसाहेब गोंधळून म्हणाले.

"तुमच्या मनात कोण आहे?"

अर्ज टक्केसाहेबांनीच भरला. बायको पडद्यांच्या गडबडीत होती, तिने न वाचता सही ठोकली. तीस दिवस नोटीस फळ्यावर राहणार, कुणाची हरकत नसेल तर लग्न, मग दाखला, मग व्हिसा. दिवस मोजून ठेवले होते. नातवंड यायच्या आधी दहा दिवस हातात उरत होते.

नोटीस लागली आणि तिसरा मजला तिच्यासमोर लोटला. वर, वय अठ्ठावन्न, अविवाहित. वधू, वय चोपन्न, अविवाहित.

"साहेब, कळवायचंत तरी," शिपाई म्हणाला. "मुलगी बघायला आलो असतो."

"नीट विचार केलाय ना?" हाताखालच्या कारकून बाईंनी काळजीने विचारलं. "माणसाची पारख व्हायला वेळ लागतो हो."

टक्केसाहेब लाजून हसले. खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती.

बाराव्या दिवशी काकू निबंधकबाईंच्या खिडकीचे पडदे पोचवायला गेली. जाता जाता तिने फळा वाचला. फळ्याशेजारी सुतळीला हरकतींची वही टांगलेली होती. तिच्यात आजवर कुणी पेन चालतं का हे बघायला मारलेल्या रेघोट्या तेवढ्या होत्या. काकूने कानामागचा खडू बाजूला ठेवला, पेन मागून घेतलं आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी निबंधकबाईंनी टक्केसाहेबांना बोलावून घेतलं. चेहरा गंभीर ठेवताना त्यांचे गाल थरथरत होते.

"तुमच्या लग्नाला हरकत आलीय."

"कोण तो?"

"वधू."

वहीत लिहिलं होतं, 'वधूचा व्यवसाय या रकान्यात "काही नाही" असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. खोट्या कागदावर मी लग्न करणार नाही.'

"लेखी खुलासा द्या," बाई म्हणाल्या. "हरकत घेणाऱ्याला तो पटला पाहिजे. मुदतीत नाही पटला, तर नोटीस पुन्हा पहिल्यापासून तीस दिवस."

पुन्हा तीस दिवस म्हणजे नातवंड आधी आणि आजोबा नंतर. टक्केसाहेब जवळजवळ पळतच घरी आले.

"अगं, ते नऊ होतं!"

"कोण नऊ?"

"कोड. हाताला सवय आहे. रिकामं असलं की आम्ही..."

"रिकामं का होतं? विचारायला मी परगावी नव्हते. पलीकडच्या खोलीत होते. मशीनचा आवाज येत होता तुम्हाला." तिने कापडावरून नजर वर केली. "अशा किती जणींना नऊ केलंत?"

आयुष्यात पहिल्यांदा टक्केसाहेबांना आकडा ठाऊक असूनही सांगवेना. "काही लाख," ते हळूच म्हणाले.

"द्या खुलासा. बसला तर बघू."

त्या रात्री शून्य दशांश चारने त्यांना झोपू दिलं नाही.

पहिला खुलासा पानभर होता. 'अनवधानाने', 'प्रचलित कार्यपद्धतीनुसार', सगळं होतं त्यात. काकूने तो वाचला, खडूने मधोमध रेघ ओढली आणि परत दिला. "उसवा."

दुसऱ्या खुलाशात त्यांनी तक्ता जोडला. घरकाम, शिवणकाम, मुलीचं संगोपन, तासांच्या टक्केवारीसह. बेरीज शंभर येत होती. "सैल आहे," काकू म्हणाली. "हे तास कुठून आणलेत?"

"अंदाजे."

"मला विचारलंत?"

मुदतीतले चार दिवस उरले. रविवारी टक्केसाहेब मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसले, गिऱ्हाईकं बसतात तिथे. दिवसभर बसले. एक बाई मुलाचे तीन गणवेश घेऊन आल्या, एक म्हातारे गृहस्थ कोटाचं अस्तर बदलायला. चार पडदे झाले, दोन चेनी बसल्या. वरच्या मजल्यावरचा एक तरुण स्वतःची पँट घेऊन आला, तेव्हा काकूने नवऱ्याकडे एक अर्थपूर्ण नजर टाकली. टक्केसाहेबांनी मनातल्या मनात एक निळा अर्ज नोंदवला.

"वही द्या ती," हात कापडात अडकले होते म्हणून ती म्हणाली. मापांची वही. टक्केसाहेबांनी पानं उलटली. सगळी गल्ली तिच्यात होती, छाती, कंबर, उंचीसकट. मधल्या एका पानावर वर नाव नव्हतं, नुसतं 'हे' लिहिलं होतं. खाली एकतीस ओळी. दर वर्षाची एक. कंबर अठ्ठावीसपासून सुरू होऊन अडतीसपर्यंत आली होती. मधल्या एका वर्षी, त्यांना टायफॉइड झाला होता तेव्हा, ती तिसावर उतरली होती आणि पुढच्या ओळीत बत्तीस लिहून तिच्याखाली दुहेरी रेघ मारली होती. एकही रकाना रिकामा नव्हता.

त्यांनी वही मिटून तिच्याजवळ ठेवली. मग घसा साफ केला आणि विचारलं, "पहिलं गिऱ्हाईक कोण होतं गं तुझं?"

मशीन थांबलं. काकूने त्यांच्याकडे बघितलं, हे नक्की आपलेच ना, अशा नजरेने. मग सांगायला लागली, ती दिवेलागणीपर्यंत सांगत होती.

तिसरा खुलासा पाच ओळींचा होता. 'वधू शिवणकाम करते. सव्वीस वर्षं. तिचं पहिलं काम समोरच्या शाळेचे बारा गणवेश. लेकीच्या फीचं आणि माझ्या आजारपणाचं तिने निभावलं. हे सगळं माझ्या घरात चाललं होतं आणि मी विचारलं नाही.'

काकूने तो दोनदा वाचला. कागद हातात धरून जरा ताणूनही पाहिला. "हं," ती म्हणाली. "हा बसला."

त्या आठवड्यापासून तिसऱ्या मजल्यावरून पिवळे अर्ज गठ्ठ्यांनी परत जाऊ लागले. वधूचा रकाना रिकामा असलेल्या प्रत्येक अर्जाला टाचणीने चिठ्ठी, 'तिला विचारून लिहावे.' यंदाचा तक्ता उशिरा निघणार हे कळल्यावर वरिष्ठांनी डोक्याला हात लावला. आपला सगळ्यात शिस्तीचा माणूस लग्न ठरल्यावर बिघडला, असं त्यांचं मत झालं.

एकतिसाव्या दिवशी निबंधकबाईंच्या खोलीत, नव्या पडद्यांखाली, टक्केसाहेब कोट घालून उभे राहिले. कोट काकूने रातोरात बाजूंनी दोन इंच सैल केला होता. साक्षीला शिपाई आणि कारकून बाई होत्या, फोनच्या पडद्यावर पोट सांभाळत लेक होती, आणि ती हसून हसून धापा टाकत होती.

"दोघंही स्वखुशीने?" निबंधकबाईंनी विचारलं.

"मी तर केव्हाचा," टक्केसाहेब म्हणाले.

"कुणाची हरकत?"

खोलीतल्या सगळ्या माना वधूकडे वळल्या. काकू एक पाऊल मागे सरली, नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची शिवण दोन बोटांनी चाचपली.

"खांद्यात अजून जरा आवळतोय," ती म्हणाली. "घरी गेल्यावर सैल करीन. बाकी काही नाही. आणा, कुठे करायची सही?"

आणि सही करण्यापूर्वी, चष्मा नाकावर सरकवून, तिने सबंध अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून काढला.