पांढरा दुष्काळ

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात एका गावात मुक्कामाला होते. सकाळी सगळं पांढरंशुभ्र पाहून मी हरखले, "किती बर्फ पडलाय!"

घरमालकीण डोल्माआजींनी मला शेतात नेलं आणि बर्फात काठी खुपसली. ती जेमतेम घोट्याइतकी आत गेली.

"हा दुष्काळ आहे, बेटी," त्या हिंदीत म्हणाल्या. "थंडीच्या सुरुवातीचा बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकतो; तो यंदा पडलाच नाही. हा उशिरा आलेला, ओला. लगेच वाहून जाईल. मग उन्हाळ्यात वाटाण्याच्या पिकाला पाणी कुठलं?"

मी मराठवाड्यातली; दुष्काळ भेगाळलेल्या जमिनीवरूनच ओळखायचा, एवढंच मला ठाऊक. आजींच्या नजरेला एवढ्या शुभ्रतेतही तहान दिसत होती.

दुपारी आजींनी गाव जमवलं. यंदा निम्मीच शेतं पेरायची, असं ठरलं. कुणाचं शेत पडीक ठेवायचं, यावर कुणी पुढे येईना, तेव्हा आजींनी पहिलं नाव स्वतःचं सांगितलं.