कॅमेरा हौ म्हणत नाही

२००७ साल. मी बासष्ट वर्षांचा. हातात जळकी कॉइल धरून कॅमेऱ्यापुढे उभा होतो आणि गाडी पुढे सरकत नव्हती.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मी मोटर वाइंडिंग शिकवत होतो. वाइंडिंग म्हणजे मोटारीच्या पोटातली तांब्याच्या तारेची गुंडाळी. तिच्यातला वेढ्यांचा एकेक जुडगा म्हणजे कॉइल. ती जळली की मोटर बंद. माझं शिक्षण चौथी. काम शिकलो वारासिवनीच्या राइस मिलांत, कोंड्याच्या धुळीत. शिकवायची माझी रीत एकच. जळकी कॉइल पहिल्या बाकावर द्यायची, ज्याने त्याने हुंगून पुढे सरकवायची. तारेवरच्या जळक्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की मोटर खोलायच्या आधीच रोग कळतो. कॉइल फिरून माझ्याकडे आली की मी विचारायचो, "कळलं का?" सगळे म्हणायचे, "हौ." मग पुढचं. बायको गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेला शब्द बहुतेक तेवढाच.

त्या वर्षी सेंटरने इंटरनेटवरचा कोर्स घेतला. शिकवणारा कुठल्याशा शहरात, पोरं इथल्या कॉम्प्युटर रूममध्ये. माझा वर्ग ओस पडला. कटंगीची सुनीता माझी हुशार विद्यार्थिनी. तिलाच गाठलं.

"काहून गेली वं तिकडं?"

"काका, ते मागं नेऊन पुन्हा पायता येते. तुमाले दुसऱ्यांदा विचारलं त तुमी चिडता."

"चिडतो म्हणून त ध्यानात राह्यते!"

"हौ काका," ती म्हणाली आणि तिकडेच गेली.

मॅनेजर साहेब हिंदीवाले. म्हणाले, "काका, आपका भी वीडियो बना लेते हैं. अच्छा बना तो आप ही पढ़ाओगे. नहीं तो फिर स्टोर सँभालिए."

"बनाओ ना," मी म्हणालो. "डरता कौन है?"

रिकाम्या वर्गात कॅमेरा लागला. मी कॉइल दाखवली, जळते कशी ते सांगितलं, सवयीने हात पुढे केला. घ्यायला कोणी नाही. "कळलं का?" म्हणून थांबलो.

"रुकिए मत, काका," कॅमेरावाला म्हणाला.

"जवाब तो आने दे."

"जवाब कौन देगा? मान लो, दे दिया."

"कैसे मान लो? नहीं समझा होगा तो?"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच अडलो. शेवटी साहेबांनी चपराशाला समोर बसवलं. तो वेळेवर हौ म्हणाला, पण त्याचं ध्यान चहाच्या केटलीकडे.

"ऊठ बाबू," मी म्हणालो. "असा हौ मले नाही पायजे."

संध्याकाळी साहेबांनी स्टोरची चावी टेबलावर ठेवली. मी उचलली. हातापाया पडणं आपल्याला जमत नाही. घरी गेलो, कुलूप काढलं, कॉइल खिशातच राहिली होती ती खिडकीत ठेवली. घरात तिचा वास येत राहिला, तेवढीच सोबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोर उघडायच्या आधी कॉम्प्युटर रूममध्ये शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसलो. पडद्यावरचा मास्तर वाइंडिंगच सांगत होता. बरोबर सांगत होता, हे लिहायला जड जातं. मधेच त्याने विचारलं, "समझ में आया?" आणि क्षणभर थांबला. पोरं गप्प. शिकवा कुठूनही, पण विचारणाऱ्याला उत्तर लागतं. मी मागून मोठ्याने म्हणालो, "हौ." आणि स्टोर उघडायला गेलो.