ती हसत नव्हती

माझी धाकटी बहीण मरताना हसत होती, असं कुरखेड्याकडच्या आमच्या गावात अजून सांगतात. माझं डोकं तडकतं ते ऐकून. ती हसत नव्हती.

धानाच्या रोवणीत तिच्या पायात काटा मोडला. आईनं काटा काढून वर शेण थापलं, चिंधी बांधली. तेव्हा सगळेच तसं करायचे. आठेक दिवसांनी तिचं तोंड उघडेना. पाठ कमानीसारखी वाकली, ओठ ताणून दात दिसू लागले. पुजारी म्हणाला, "हासून राह्यली पाहा. बाहेरचं हाय." मग काय, ढोल वाजवले, कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं पोरीला! ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ती आणखी ताठ होई.

मी चौथी शिकलेली बाई. पुढचं सगळं वाचन नातीच्या पुस्तकांतून. यंदा ती बीएस्सीचा अभ्यास मोठ्यानं करत होती अन् मी शेंगा सोलत होते. धनुर्वातात तोंड मिटतं, पाठ वाकते, हे कानी पडलं तशी म्हटलं, नीट सांग.

"आजी, नसेच्या टोकाशी बारक्या थैल्या असतात, निरोपानं भरलेल्या. थैलीवर एक प्रोटीन, नसेच्या भिंतीवर दुसरं. दोरीचे पेड वळतो ना आपण, तसे ते एकमेकांत वळतात. थैली भिंतीले चिपकते, उघडते, निरोप बाहेर. धनुर्वाताचं विष थैलीवरचं प्रोटीनच कापते."

"कोणता निरोप?"

"'थांब, ढिला हो', असा स्नायूले. तो पोचतच नाई, मंग अंग आवळत जाते. चेहरा हसल्यासारखा दिसते."

"अन् सुद राह्यते?"

"पूर्ण राह्यते."

म्हणजे तिला सगळं कळत होतं! ढोल, डहाळ्या, आमचं बोलणं. शेंगांची टोपली मी सरकवून दिली.

त्याच आठवड्यात शेजारणीच्या सुनेचा पाय धानाच्या बांधीत गंजक्या पत्र्यानं चिरला. मी गेले तर सासू शेणाचा गोळा घेऊन बसलेली.

"काऊन वं, शेण कायले?"

"बाई, तुमची नात डॉक्टर झाली वाटते!"

"नाई झाली. पण कापलेली दोरी मंग वळता येत नाई, एवढं मले समजते. सुई आधीच घ्या लागते."

"तुमच्या बहिणीले तं बाहेरचं होतं."

"तिचं नाव तोंडी घेऊ नोको!" मी ओरडले तशी कोंबड्या पळाल्या. पाय साबणानं धुतला, सुनेला ऑटोत घातलं, उपकेंद्रात नेऊन टीटीची, धनुर्वाताची सुई टोचून आणली.

नंतर पंधरा दिवस रोज सकाळी मी त्यांच्या दारात. "तोंड उघड."

"आ... आजी, दात मोजता का जी रोज?" अन् ती फिदीफिदी हसली, पार पडजीभ दिसेपर्यंत.

मी सासूला हात धरून उठवलं, पुढ्यात आणलं. "पाह्य. हासणं याले म्हणतेत."