कोऱ्या पेपरचा निकाल

परीक्षा कंपनीच्या कॅन्टीनमध्येच होती. टेबलं पुसून घेतली होती, तरी दुपारच्या वरणाच्या फोडणीचा वास तिथं रेंगाळत होता. फिकट निळ्या शर्टातल्या मुली आणि बायका एकेका टेबलावर एकेक अशा बसल्या होत्या. पर्यवेक्षण हे खरं तर माझं काम नव्हतं. कामगार संघटना आणि कामगारांचं शिक्षण या विषयावर माझी पीएचडी चालू होती आणि त्यासाठी नगरजवळच्या या कारखान्यात मी काही महिने जात होते. त्या दिवशी डिप्लोमा चालवणाऱ्या कॉलेजच्या सरांना माणूस कमी पडला, म्हणून त्यांनी पेपरांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

कारखान्यात गाड्यांना लागणाऱ्या वायरींच्या जुड्या बनायच्या. पर्मनंट कामगार थोडे. बाकी सगळ्या ट्रेनी, म्हणजे कागदोपत्री विद्यार्थिनी. आठवडाभर लाईनीवर उभं राहायचं, एक दिवस वर्गात बसायचं आणि तीन वर्षांनी डिप्लोमा घ्यायचा. मला ही योजना मनापासून आवडली होती. राहात्याला आमच्या गल्लीतल्या किती तरी मुली दहावीनंतर घरी बसलेल्या मी पाहिल्या होत्या, आणि इथं लेकुरवाळ्या बायका हातात पेन धरून बसत होत्या. माझ्या प्रबंधात या प्रकरणाला मी मोठ्या हौसेनं सुरुवात केली होती.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात नेवाशाकडच्या एक ताई होत्या. वय चाळिशीच्या आसपास. सरांनी काही विचारलं की पहिला हात त्यांचा. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, याच कारखान्यात पर्मनंट होते, युनियनचे जुने सभासद. केडगावला त्यांच्या घरी मी जेवलेही होते. ताई पहिल्या येणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

पेपर वाटून झाले आणि मी फिरायला लागले. ताईंच्या टेबलाशी आले तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पेनचं टोपण लावलेलंच होतं. मला वाटलं, विचार करताहेत. दुसऱ्या फेरीलाही तेच. मी वाकून हळूच विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय की," त्या म्हणाल्या.

"मग लिहा ना."

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. मी सरळ उभी राहिले तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा पेपर दिसला. तोही कोरा. त्याच्या पुढचा तसाच. तिसऱ्या वर्षाच्या जवळजवळ सगळ्याजणी हाताची घडी घालून बसल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या मुली मात्र खाली मान घालून भराभरा लिहीत होत्या. मी सरांकडे पाहिलं. ते मोबाईलमध्ये बघत होते. पेपर गोळा करताना प्रत्येक कोऱ्या पानावर फक्त नंबर होता, सुबक अक्षरात.

सुटल्यावर मी ताईंना गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठलं. मला रागच आला होता. तीन वर्षं शिकून असं का केलं, म्हणून विचारलं.

ताईंनी कप खाली ठेवला. "मॅडम, तुमाला कोनी सांगितलं न्हाई का? पास झालं की गेट बंद हुतं."

"म्हणजे?"

"मंजी शिक्षान संपलं. इद्यार्थी न्हाई मंग ट्रेनी न्हाई, ट्रेनी न्हाई मंग काम न्हाई. मागल्या टायमाला निकालाच्या दिवशी पेढा हातात दिला आन् गेटपास काडून घेतला. त्या पोरी हितंच उभ्या राहून रडत हुत्या. नापास झालं तर सा म्हैने तरी मिळत्यात, पुन्यांदा परीक्षेला बसाया."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण डिप्लोमा घेऊन दुसरीकडे..."

"दुसरीकडं बी ट्रेनीच घेत्यात," त्या म्हणाल्या आणि चहा संपवला.

मी तिथंच बसून राहिले. पास होणं ही वाईट गोष्ट असू शकते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्या घरात पास झाल्यावर देवापुढे साखर ठेवायची पद्धत होती. इतके महिने मी याच बायकांना मार्कांबद्दल विचारत होते, 'पुढे काय शिकायचंय' म्हणून विचारत होते, आणि त्या हसून उत्तरं देत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी युनियनच्या अध्यक्षांना भेटले. ते निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांना सगळं माहीत होतं. "ट्रेनींना सभासद करून घ्यावं असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे," ते म्हणाले. "सभासद झाल्या की त्यांच्या वतीनं बोलता येईल. आज मी बोललो तर मॅनेजर म्हणतो, विद्यार्थ्यांचा आणि युनियनचा काय संबंध?" त्यांनी मला सभेला बसायची परवानगी दिली. मला एकदम हलकं वाटलं. ठराव नक्की मंजूर होणार असं मी धरूनच चालले, कारण सभेतल्या कितीतरी जणांची बायको, बहीण, भावजय त्याच लाईनीवर उभी होती.

सभा रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयात झाली. मी मागच्या रांगेत बसले. ट्रेनींपैकी कोणी नव्हतं, सभासदच नाहीत तर येणार कशा. अध्यक्षांनी ठराव वाचला. मग एकजण उठला आणि म्हणाला, "कंपनी यंदा आपल्या पोरांना घेणार म्हणलीय. हा ठराव झाला तर ती भरती बंद पडंल. आपल्याच पायावर धोंडा कशाला?"

"उद्या तुमच्याच पोरांना तीन वर्षांनी काढतील," अध्यक्ष म्हणाले.

"तवाचं तवा बघू," मागून कोणीतरी बोललं. हसण्याची लाट गेली.

ठरावाच्या बाजूनं असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. थोडेसे हात उठले. माझे डोळे ताईंच्या मालकांना शोधत होते. ते मधल्या रांगेत, खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांचा हात खालीच होता. मला वाटलं, ते तटस्थ राहतील. मग विरोधातल्यांना हात वर करायला सांगितलं. त्यांनी हात वर केला. अर्धवट नाही, सरळ, पूर्ण वर. ज्या माणसानं मला आग्रह करकरून भाकरी वाढली होती, तो स्वतःच्या बायकोच्या विरोधात मत देत होता, आणि तिला बोलायला त्या सभेत जागासुद्धा नव्हती. ठराव पडला. अध्यक्षांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि पुढचा विषय घेतला.

ताईंना हे कोण सांगणार, या विचारानं मला चैन पडेना. संध्याकाळी केडगावला गेले. दार मालकांनीच उघडलं. मला बघून ते पाणी आणायला आत गेले. ताई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी कसाबसा विषय काढला.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं त्यास्नी."

मला आधी कळलंच नाही. "काय सांगितलं?"

"हात वर करा म्हनून. पोरगी आयटीआय झालीय. यंदा तिला घेनार हायेत. माजं काय, आज न्हाई तर सा म्हैन्यांनी जायचंच हाय."

"पण ताई, तीही ट्रेनीच होणार ना? तिलाही तीन वर्षांनी..."

"व्हय. पर ती तरनी हाय. तिला शिकल्यासारखं तरी वाटंल."

मालक पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "तुमी मागं बसलेल्या मला दिसलं हुतं, मॅडम. हिनं सांगितलं तरी रातभर माजं ठरत नव्हतं. सकाळी निघताना हिनं पुन्यांदा सांगितलं." तांब्या खाली ठेवून ते बाहेर निघून गेले. ताईंनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि मला जेवून जायला सांगितलं. मी जेवले. तिथून न जेवता उठणं मला जमलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. कोऱ्या पेपरांना निदान सहा महिने तरी मिळणार, एवढाच दिलासा होता. सूचनाफलकासमोर गर्दी होती. मी पुढे होऊन पाहिलं. तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या पास. ताई पहिल्या वर्गात.

मी सरांकडे धावतच गेले. "सर, मी स्वतः पेपर गोळा केले होते. कोरे होते."

ते शांतपणे म्हणाले, "प्रात्यक्षिकाचे मार्क असतात, हजेरीचे असतात. त्यांची हजेरी उत्तम आहे."

"पण लेखी परीक्षेत काहीच लिहिलं नव्हतं."

"एवढ्या जणी नापास दाखवल्या तर योजना चालेल का? आणि कंपनीला नवी बॅच घ्यायची आहे. जागा नको का व्हायला?" त्यांना माझी काळजी वाटली असावी, कारण त्यांनी मला खुर्ची दिली. खाली गेटवर पेढ्याचे पुडे आले होते. ताईंनी आपला पेढा रुमालात बांधला, गेटपास काढून रखवालदाराला दिला आणि माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू मला अजून सहन होत नाही.

लेकीला काम लागलं. तीही निळा शर्ट घालते. अध्यक्ष निवृत्त झाले आणि त्यांच्यामागून तो ठराव कोणी मांडला नाही. मी माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण पहिल्यापासून पुन्हा लिहिलं.

मागच्या उन्हाळ्यात ताई मला माळीवाड्याच्या स्टँडवर भेटल्या. अंगात वेगळ्या रंगाचा शर्ट होता. श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यात लागल्या होत्या. मी आनंदानं म्हटलं, डिप्लोमाचा उपयोग झाला म्हणायचा.

"त्यो दावलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "दावला तर घेत न्हाईत. डिप्लोमा झालेली चालत न्हाई त्यास्नी. दहावी पास म्हनून सांगितलं. आता पयल्या वर्षाला हाय."

"पहिल्या वर्षाला? कशाच्या?"

"त्याच डिप्लोमाच्या." त्या हसल्या नाहीत. "सर शिकवत्यात तवा गप बसून ऱ्हाते. हात वर करत न्हाई. येतंय असं दिसलं तर इचारतील, कुटं शिकली म्हनून."