वाटेवरचा चारा

माणूस चंद्रावर उतरला त्या पावसाळ्यात मी जानेफळच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. गावात रेडिओभोवती गर्दी झाली, हेडमास्तरांनी पेढे वाटले. मला मात्र चैन पडेना. एका मासिकात त्या रॉकेटचं चित्र आलं होतं. घराहून मोठाल्या टाक्या, आणि माणसं बसायची जागा टोकाला एवढीशी. उचललेलं बहुतेक वजन इंधनाचंच, आणि त्यातलंही पुष्कळ इंधन उरलेलं इंधन वर न्यायलाच जळायचं. मग वरच, पृथ्वीभोवती फिरणारी एखादी टाकी आधी भरून ठेवली तर? यान इथून हलकं निघेल, किंवा तेवढ्याच खर्चात जास्त सामान जाईल. वर्गात, जेवताना, शेतात, मी दुसरं बोलतच नव्हतो.

दिवाळीनंतर वडील कापसाची गाडी घेऊन खामगावच्या बाजाराला निघाले. वाटेत एक मुक्काम पडायचा. मी सोबत होतो. गाडीत आधी कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या आणि कापसाची काही पोती अंगणातच राहिली. ते बघून मला राहवेना.

"बैल आपलाच चारा वाहून राह्यले," मी म्हणालो. "तो वाटेत भेटला तं सारा कापूस जाईन."

"वाटेत कोनं ठेवला तुह्यासाठी?"

बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामाजी, मुक्काम आमच्या बाबाच्या गावालेच तं हाये. त्याईच्याकडं लय कडबा हाये."

"सुनेच्या माहेरी बैलासाठी हात पसरू?" वडील म्हणाले. पण मी हटलो नाही. शेवटी त्यांनी पेंढ्या उतरवल्या आणि सगळा कापूस भरला.

दिवस कलता कलता आम्ही पोचलो. घरामागं कडब्याची गंजी असायची तिथं जमीन काळी पडली होती. सासरे खाली मान घालून पुढं आले.

"परवाच गंजी जळाली. घरच्या ढोराईलेच पुरत नाई. तुमी बसा, मी कोनाकडून आनतो."

वडिलांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग सासऱ्यांना म्हणाले, "चाऱ्यासाठी कोन आलं? पोरीची खुशाली सांगाले थांबलो. बैल वाटेत खाऊन आले."

बैल रिकाम्या गव्हाणीत तोंड घालत होते. मला बसवेना. अंगणात जाई, परत येई, पुन्हा जाई. आकाशातली टाकी अशी रिकामी निघाली तर तिथल्या माणसांनी कुठं जायचं?

सकाळी निघालो. चढावर डावीकडचा बैल खाली बसला. वडील त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मी पुढच्या गावापर्यंत पळत गेलो, घरोघर विचारलं. एका म्हातारीनं भुईमुगाचा वाळला पाला दिला. तो डोक्यावर घेऊन आलो. बैलानं बसूनच खाल्ला, मग उठला.

कापूस सगळा विकला गेला. परतताना वडिलांनी खामगावजवळच्या एका शेतात गाडी उभी केली आणि गाडीभर कडबा घेतला. तिथं तो स्वस्त होता.

"हा जानेफळले काऊन नेता?" मी विचारलं.

"जानेफळले कोन नेते? तुह्या सासऱ्याकडं ठेवू. गाडी रिकामीच तं जाऊन राह्यली."

सासऱ्यांनी आधी नको नको केलं. "आमच्याच बैलाचा हाये, सांभाळा फक्त. तुमच्या ढोराईले लागला तं घाला," वडील म्हणाले. तेव्हा सासऱ्यांनी स्वतः पेंढ्या उतरवून घेतल्या. त्या हंगामात आमची गाडी दर खेपेला कापसानं भरून गेली.

शाळेत मी पुन्हा फळ्यावर ती टाकी काढली. पण या वेळी हात थांबला. वरचं इंधन आधी वर स्वस्तात पोचलं पाहिजे, नाहीतर खर्च फक्त इकडून तिकडं सरकतो. आमचा कडबा रिकाम्या गाडीतून फुकटात पोचला; तशी आकाशात रिकामी जाणारी गाडी कुठली? तास संपला तरी मी फळ्यासमोर येरझाऱ्या घालत होतो.