सोजरबाईचा दंड

सुमनताईंनी चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या. नोकरी सुटली तेव्हा बाकीच्या बायका घरी बसल्या. ताई विधी सेवेच्या स्वयंसेवक झाल्या. काम एवढंच, की कोर्टाच्या कागदाला घाबरणाऱ्या माणसाला हाताला धरून कोर्टात न्यायचं. मानधन चहापाण्यापुरतं, रुबाब मात्र कलेक्टरचा. त्या राहतात त्या रहाटणीत लोक म्हणतात, सुमनताई आल्या की टेबलावरचा कागद आपणहून चालायला लागतो. यात अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

सोजरबाई चाकणलाच एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरच्या दोघांनी तिचं मंगळसूत्र हिसकावलं, तिला फरफटवलं. उजवा हात खांद्याखाली मोडला आणि हाड वाकडं जुळलं. ऑपरेशन लांबलं तर हात कायमचा अधू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हात गेला की चपात्याही गेल्या. चोरांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला, आणि त्यातूनच सोजरबाईचा उपचार व्हावा असा कोर्टाचा हुकूम निघाला. तसं पत्रही गेलं. बाई काही फिरकली नाही.

शेवटी ताईच तिच्या खोलीवर धडकल्या. "पत्र मिळालं नाही का गं?"

"मिळालं की. दंडाच्या रकमेसाठी हजर व्हा म्हनत्यात." सोजरबाईला रडूच फुटलं. "ताई, चोरी त्यांनी केली, हात माझा मोडला, आन् वर दंड बी मीच भरू?"

रेशनकार्डाच्या पिशवीत तिनं ते पत्र महिनाभर दडवलं होतं. ताईंना हसू आलं आणि संतापही. 'तुमचे पैसे घेऊन जा' एवढं सरळ मराठी लिहायला लिहिणाऱ्याला काय धाड भरली होती? एव्हाना ऑपरेशन उरकलंही असतं.

"भरायचा त्यांनी, घ्यायचा तू. ऊठ."

"चोराचा पैसा अंगी लागत न्हाई, ताई."

"ज्यानं मोडलं त्यानंच नीट करून द्यायचं. यात पाप कसलं?"

सोजरबाई डाव्या हातानं जमेल तसा पदर खोचून निघाली.

कोर्टात खिडकीशी ताई सवयीनं पुढे सरसावल्या, पण सोजरबाईनं त्यांना मागे सारलं आणि पत्र स्वतःच आत सरकवलं. कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "दंड भरायचाय का?"

सोजरबाईनं लोंबता हात दुसऱ्या हातानं उचलला आणि खिडकीच्या कडाप्प्यावर ठेवला.

"त्यांनी भरलाय, सायेब. मोडलेला दंड ह्यो हाय. ह्याचं द्या."