पाचवी सही

सोजरबाईला अक्षर येत नव्हतं, आणि तिला एखादा कागद वाचून दाखवायचा म्हणजे दोन मैलांची पायपीट होती. हे मी ऐकीव सांगत नाही. वीसेक वर्षं तिचे कागद मीच वाचले.

मुरुडजवळच्या आमच्या गावात मी शाळेवर गुरुजी होतो. ती पहिल्यांदा आली ती फेरमोजणीची नोटीस घेऊन. व्हरांड्याच्या पायरीखाली उभी राहिली, जयभीम घातला आणि कागद पुढे केला. मी वाचायला लागलो तर म्हणाली, "हितं नगं गुरुजी. शाळा सुटल्यावर धुऱ्यावर चला." शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. बाईचं काहीतरी खूळ असेल असं वाटलं, पण गेलो. तिनं मला शेताच्या मधोमध उभं केलं. म्हणाली, "वाचा." मी वाचलं, "उत्तरेस गाडीवाट." "थांबा." ती तरातरा उत्तरेला गेली, गाडीवाटेवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि तिथून ओरडली, "हाय. फुडं वाचा." पूर्वेस ओढा होता, तर लुगडं सावरून ओढ्यात उतरली, पाय पाण्यात बुडवले आणि मगच म्हणाली, "हाय." चारी दिशा अशा चालून झाल्यावर ती शाईत अंगठा बुडवायची.

यामागं कारण होतं. तिचा नवरा विहिरी खोदायच्या कामावर जायचा. हाडाची काडं करून त्यानं तीन एकर रान घेतलं. कागद झाला तो विकणाऱ्याच्या ओसरीवर, चहा पिता पिता. यानं विश्वासानं अंगठा दिला, आणि पुढं मोजणीत कळलं की लिहिलेलं दोनच एकर आहे. सोजरबाई म्हणायची, "ओसरीवर वाचलेलं रान ओसरीतच ऱ्हातं, गुरुजी. आपल्या घरी येत न्हाई." ती ओसरी माझ्या सख्ख्या चुलत्याची होती. हे तिला पक्कं माहीत होतं. वीस वर्षांत तिनं त्या चुलत्याचं नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. कधी बोरं, कधी शेंगा पदरात बांधून आणायची आणि "लेकरांना द्या" म्हणून व्हरांड्यात ओतून जायची. मी तिला मावशी म्हणायचो. म्हणायला काय जातं!

एकदा एका तलाठ्यानं तिच्या कागदात गाडीवाट गाळली. तिनं त्याला भर उन्हात धुऱ्यावर नेलं. तो वैतागून म्हणाला, "बाई, एवढा काय फरक पडतो?" तर म्हणाली, "सायब, तुमच्या कागदात वाट नसंल तर माझी बैलं काय उडून यीतील का?" त्यानं तिथंच दुरुस्ती केली. गाव हसलं. मीही हसलो, आणि ही गोष्ट पुढे चार ठिकाणी रंगवून सांगितली.

मग आमच्याकडे प्लॉटिंग आलं. लातूरच्या एका माणसानं ओढ्यापलीकडचं शेत घेतलं. ते शेत माझ्या चुलतभावाचं, दत्ताचं. ओढाही त्याच्याच गटातला, सोजरबाईच्या धुऱ्याला लागून वाहणारा. माझंही थोडं रान त्या दोघांच्या रानाला लागून होतं. शेतजमीन बिनशेती करायची तर चावडीवर नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या म्हणून. लोकांना हरकती पुष्कळ होत्या. माळावरचं पाणी जाणार कुठून, जनावरं न्यायची कुठून, उद्या तिथं बंगले झाले की आमच्या शेणाचा वास येतो म्हणून तेच आपल्यावर तक्रारी करणार. पण या सगळ्या हरकती पारावर. चावडीत जाऊन कागद द्यायला एकजण तयार नव्हता. लेखी हरकत घेणारं गावात एकच माणूस होतं आणि त्याला वाचता येत नव्हतं.

तिनं मला विचारलं होतं. "गुरुजी, बोर्डावर नवा कागद दिसायलाय. काय हाय?" मी म्हणालो, "काही विशेष नाही, मावशी."

त्याच आठवड्यात दत्तानं मला मुरुडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बोलावलं. भजी मागवली. पंचनाम्याचा कागद पुढे सरकवला. त्यावर लगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. चार झालेल्या होत्या. सोजरबाईकडं हा कागद कुणी नेलाच नव्हता, कारण ती धुऱ्यावर चला म्हणाली असती. "आण्णा, रस्ता तुझ्या शेताला घासून काढायला लावतो," दत्ता म्हणाला. "उद्या तुझ्या रानाला सोन्याचा भाव येईल." मी सही केली. पुढं किती तरी दिवस मी लोकांना सांगत होतो की भिडेपोटी केली, कागद वाचला नव्हता. खोटं आहे. मास्तर माणूस न वाचता सही करत नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'सदर जमिनीतून ओढा अगर नाला वाहत नाही. लगतच्या शेतकऱ्यांची हरकत नाही.' मी ते दोनदा वाचलं.

उन्हाळ्यात ओढा मुरूम टाकून बुजवला आणि धुऱ्याला लागून भिंत उभी राहिली. पावसाळ्यात माळावरचं पाणी आलं ते भिंतीला धडकून थेट सोजरबाईच्या सोयाबीनमध्ये वळलं. पीक कुजलं. वरची काळी माती निम्मी वाहून गेली. ती माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "अर्ज लिहा गुरुजी. तुमचं अक्षर सायबाला चांगलं लागंल." आणि मी लिहिला. नैसर्गिक ओढा बुजवल्यामुळं नुकसान झालं, असं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. निर्लज्जपणाला काही सीमा असते म्हणतात. मला काही ती लागली नाही.

सुनावणी लातूरला होती. साहेब यायचे होते. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. कारकुनानं पंचनाम्याची झेरॉक्स आणून दिली. सोजरबाई म्हणाली, "आता धुरा तर हितं न्हाई. वाचा, बसूनच ऐकते." मी वाचलं. ओढा नाही हे वाक्य आलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माणसं बी कशी आस्त्यात! ज्या ओढ्यात पवाय शिकले, त्योच न्हाई म्हनत्यात. कुनाकुनाच्या सह्या हायेत, वाचा." मी नावं वाचली. एक, दोन, तीन, चार. कागदाची घडी घातली.

तिनं हात पुढे केला. घडी उघडली, मांडीवर कागद पसरला आणि सह्यांवरून बोट फिरवलं. एकेका सहीवर थांबत थांबत. "सह्या पाच हायेत, गुरुजी," ती म्हणाली. "नावं तुमी चारच वाचली."

ती पाचव्या सहीवर बोट ठेवून बसली होती. त्याच वळणाची सही माझ्या खिशातल्या पेनानं तिच्या लेकीच्या प्रगतिपुस्तकावर कितीदा झाली होती. ओळखायला अक्षर यावं लागतं असं थोडंच आहे. तिनं बोट उचललं, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "बरं." बस्स, एवढंच.

निकाल तिच्या विरुद्ध गेला. साहेबांनी लगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या दाखवल्या आणि फाईल मिटली. येताना एसटीत ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. त्यानंतर रस्त्यात भेटली तरी तिनं जयभीम घातला नाही. शिवी दिली असती, गावभर बोंब मारली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं तेवढंही सुख मला दिलं नाही. माझ्या शेताला रस्ता लागला. भाव आला. आता त्या बांधावर उभं राहायला मला नको वाटतं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. महिन्याभरानं तिची थोरली लेक घरी आली. लातूरला नर्स आहे. बाराखडी माझ्याच हाताखाली शिकली. दोघी बहिणींच्या वाटणीचा कागद होता आणि त्यावर शेजाऱ्याची सही हवी होती. मी खिशातून पेन काढलं.

"इथं नाही, गुरुजी," ती म्हणाली. "आई सांगून गेलीय. गुरुजींची सही घ्या, पण त्यांना धुऱ्यावर न्या, वाचून दाखवा आणि चालवा."

गेलो. तिनं शेताच्या मधोमध उभं राहून वाचायला सुरुवात केली. कागदावरची चतुःसीमा जुनीच होती. "उत्तरेस गाडीवाट." मी गुडघे धरत तिथवर चालत गेलो आणि म्हणालो, "हाय." तिनं मान हलवली. "पूर्वेस ओढा."

मी पूर्वेला निघालो. तिथलं पाणी हिवाळा सरत आला तरी आटलेलं नव्हतं. चिखलात चपला रुतल्या, त्या तिथंच सोडल्या. भिंतीपाशी पोचलो आणि मागे वळलो. ती कागद हातात धरून वाट बघत होती.

"न्हाई," मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हणा, गुरुजी," ती तिथून म्हणाली. "ऐकू आलं नाही."